पाणी घालणे म्हणजे निगा राखणे नव्हे

कुंडीतील वेल वाळून गेली असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती कुजून गेली असे सांगणारा क्वचित भेटतो. परंतु गेलेल्या वेलीची कुंडी उपडी करून तिच्यातील माती मुठीत घेतली, तर ती बहुधा ओली लागते आणि मुळ्या काळ्या, बुळबुळीत व पोकळ झालेल्या दिसतात. वेल तहानेने मेलेली नसते. ती पाण्यात मेलेली असते. घरातील माणसांनी तिची हेळसांड केलेली नसते. उलट सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालून तिचे लाडच केलेले असतात. लाड आणि निगा या दोन भिन्न गोष्टी होत, आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळे घरातील कुंडीचे व शेतातील पिकाचे सारखेच नुकसान होते, हे मत येथे मांडावयाचे आहे.

ज्या वेलीच्या निमित्ताने हा विचार करावयाचा, ती अलीकडे शहरांप्रमाणे खेड्यांतील घरांच्या पडवीतही दिसू लागली आहे. रोपवाटिकांत ती ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ या इंग्रजी नावाने विकली जाते. तिचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी असे आहे. दोऱ्यासारख्या बारीक देठावर समोरासमोर जोडीने येणारी तिची पाने पत्त्यांतील बदामाच्या आकाराची असतात. यास्तव या लेखात तिला बदामवेल म्हटले आहे. पाने जाड व रसाळ असून वरच्या बाजूस हिरव्यावर रुपेरी नक्षी व खालच्या बाजूस जांभळट छटा असते. वेल कुंडीच्या काठावरून खाली लोंबते आणि जागा मानवली तर एक मीटरहून अधिक लांब होते. देठाच्या पेरांवर वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे गोल मणी धरतात. हे मणी म्हणजे वेलीने हवेतच धरलेले लहान कंद होत.

शेतीच्या पत्रिकेत शोभेच्या वेलीला जागा कशाला, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ज्वारी, तूर, कांदा, ऊस यांचे प्रश्न समोर उभे असता शिंक्यातल्या कुंडीचा विचार ही रिकामपणाची करमणूक वाटेल. ही शंका रास्त असली तरी तिचे उत्तरही सरळ आहे. शेतकऱ्याच्या घरात पाणी देण्याची जी सवय कुंडीपाशी असते, तीच पुष्कळदा बांधावरही असते. कुंडीतील चूक महिन्याभरात दिसून येते; शेतातील चूक दिसण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि तोपर्यंत ती दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते.

वेलीचे मूळ घर

कोणत्याही वनस्पतीची निगा कशी राखावी हे तिच्या मूळ घराला विचारावे. बदामवेल मूळची दक्षिण आफ्रिकेची. जॉन मेडली वुड हे पुढे दरबान येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. त्यांना 1881 मध्ये आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात ही वेल खडकांवरून लोंबताना आढळली. 1894 मध्ये ती लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात पोचली व तेथून जगभरच्या घरांत पसरली. तिच्या शास्त्रीय नावातील ‘वुडी’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

खडकावरून लोंबणारी वेल, एवढ्या एका वाक्यात तिच्या निगेचे बहुतेक सर्व नियम सामावले आहेत. खडकाच्या कपारीत माती मूठभर असते. पाऊस पडला की ती माती भिजते, परंतु पाणी तेथे थांबत नाही; ते लगेच खाली ओघळते. वारा व ऊन यांनी कपार पुन्हा कोरडी होते. पुढचा पाऊस केव्हा येईल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी जगण्यासाठी या वेलीने पाण्याचा साठा स्वतःच्या अंगातच ठेवला: जाड पानांत, जमिनीतील कंदात आणि देठावरच्या मण्यांत. शेतकऱ्याच्या घरात जशी धान्याची कणगी, तसा तिचा कंद होय. कणगी भरलेली असता रोज बाजारातून धान्य आणून दारात ओतणारा मनुष्य शहाणा ठरत नाही; ते धान्य दारातच सडते. भरलेल्या वेलीला रोज पाणी घालणाऱ्याचे कामही असेच होय.

कुंडीचाही वाफसा असतो

मराठी शेतकऱ्याला वाफसा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाऊस उघडला की तो लगेच औत घालीत नाही. पायाला चिखल चिकटेनासा झाला, ढेकूळ मुठीत दाबले असता सहज फुटू लागले, म्हणजे जमीन वाफशावर आली असे तो समजतो. या अवस्थेत मातीच्या कणांमधील पोकळ्यांत थोडे पाणी व थोडी हवा असते. मुळांना ओलही मिळते व श्वासही घेता येतो. मुळे श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, ही गोष्ट पुस्तकात वाचली नसली तरी दलदलीत पीक पिवळे पडते हे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

आश्चर्य हे की हाच शेतकरी, किंवा त्याच्या घरातील मंडळी, कुंडीपाशी आली की वाफसा विसरतात. शेतात जो मनुष्य माती हातात घेतल्यावाचून निर्णय करीत नाही, तो कुंडीत मात्र घड्याळ पाहून पाणी घालतो. कुंडी लहान असते, तिच्यातले पाणी लगेच सुकून जात असेल, असा त्याचा समज असतो. वस्तुतः कुंडीची माती चारी बाजूंनी बांधलेली असते. शेतात जादा पाणी खाली किंवा बाजूला झिरपण्यास वाव असतो. कुंडीत तळाच्या एका भोकाखेरीज वाट नसते. ते भोक बुजले, किंवा कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहिले, तर तळाची माती आठवडेच्या आठवडे चिखलाच्या अवस्थेत राहते. हवा न मिळाल्याने मुळ्या मरू लागतात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरश्या त्यांवर हल्ला करतात. सातारा जिल्ह्यातील आल्याच्या बागाईतदारांना कंदकूज ठाऊक आहे, पानमळेवाल्यांना पानवेलीची मूळकूज व मर ठाऊक आहे. कुंडीतील बदामवेलीची कूज याच जातीची आपत्ती आहे. फरक एवढाच की येथे वेलीची संख्या एक असल्याने कोणी तिला रोग म्हणत नाही, हाताला गुण नाही असे म्हणून सोडून देतात.

कुंडी, माती आणि जागा

बदामवेलीस मातीची, झिलई न केलेली, पसरट कुंडी उत्तम. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते व माती सर्व बाजूंनी सुकते. मुळ्या फार खोल जात नसल्याने उंच कुंडीची गरज नाही. उलट खोल कुंडीच्या तळाची माती मुळ्यांच्या आवाक्याबाहेर राहून सतत ओली राहते. नव्या रोपाला दहा-बारा सेंटीमीटर तोंडाची कुंडी पुरे. प्लॅस्टिकची कुंडी वापरावयाची झाल्यास तळाला भोके अधिक असावीत आणि पाणी त्या मानाने कमी द्यावे.

काळी माती या वेलीला मुळीच वापरू नये. कापसाला व रब्बी ज्वारीला जी माती ओल धरून ठेवण्याच्या गुणामुळे उपयोगी पडते, तीच माती याच गुणामुळे कुंडीत घातक ठरते. शिवाय सुकताना ती आक्रसून मुळ्या तोडते. दोन भाग भरड वाळू किंवा चाळलेला मुरूम, एक भाग पोयट्याची माती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत, असे मिश्रण करावे. मिश्रण भिजवून मुठीत दाबले असता त्याचा लाडू होऊ नये. मूठ उघडताच ते मोकळे व्हावे. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घालण्याची रूढी सर्वत्र आहे. तिने निचरा वाढतो हा समज मात्र खरा नाही. बारीक माती आपले पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी सोडीत नाही. त्यामुळे जो ओला पट्टा तळाशी राहिला असता, तो खडीच्या वर, मुळ्यांच्या अधिक जवळ येतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक खापरी ठेवली म्हणजे काम भागते. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणच मोकळे असावे.

उजेडाच्या बाबतीत या वेलीची मागणी मोठी आहे. पूर्वेकडील पडवी, जेथे सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास येते व पुढे दिवसभर स्वच्छ उजेड असतो, ही तिची उत्तम जागा होय. चैत्र-वैशाखातील दुपारचे ऊन तिची पाने भाजते. उलटपक्षी अंधाऱ्या माजघरात टांगलेली वेल जगते, पण पानांमधील अंतर वाढत जाते, पाने लहान व फिकट होतात आणि रुपेरी नक्षी पुसट होते. हे उजेडाच्या उपासमारीचे लक्षण आहे. पाणी किंवा खत वाढविल्याने ते जात नाही. अंधारातील वेल पाणीही कमी पिते, म्हणून तेथे नेहमीचे पाणीसुद्धा जास्त ठरते.

टांगण्यासाठी लोखंडी साखळी विकत आणण्याची गरज नाही. दह्या-लोण्याची मडकी ठेवण्यासाठी घरोघर असणारे शिंके या वेलीकरिताच बनविले आहे असे वाटावे इतके ते सोयीचे आहे. वेल खाली लोंबते, हवा चहूकडून लागते, आणि शेळी-करडांच्या तोंडापासून कुंडी वर राहते. बदामवेल विषारी म्हणून ओळखली जात नाही. तथापि याच प्रकारे लोंबणाऱ्या, मोत्यांच्या सरीसारखी गोल पाने असलेल्या दुसऱ्या एका रसाळ वेलीचा रस अपायकारक असतो. नावे व रूपे यांत घोटाळा होणे सहज शक्य असल्यामुळे लोंबत्या शोभेच्या वेली लहान मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर टांगण्याचा शिरस्ता ठेवावा, हे बरे.

पाणी केव्हा द्यावे

दर किती दिवसांनी पाणी द्यावे, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तरच सर्वांत अधिक नुकसान करते. कोकणातील दमट हवा व मराठवाड्यातील कोरडी हवा, मातीची कुंडी व प्लॅस्टिकची कुंडी, वैशाख व पौष, या सर्वांना एकच अंतर लागू पडत नाही. उन्हाळ्यात आठवड्याने द्यावे लागेल, थंडीत पंधरवड्याने, भर पावसाळ्यात त्याहूनही उशिरा. परंतु हे आकडे केवळ अंदाजासाठी होत. खरा निर्णय पुढील तीन खुणांवरून करावा.

पहिली खूण बोटाची. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. टोकाला गारवा लागला किंवा माती चिकटली तर पाणी देऊ नये. दुसरी खूण वजनाची. भरपूर पाणी देऊन निथळलेली कुंडी एकदा हाताने उचलून पाहावी आणि पूर्ण सुकलेली कुंडी एकदा उचलून पाहावी. मग पुढे केवळ उचलूनच अंदाज येतो. दुधाची चरवी भरलेली आहे की रिकामी, हे ज्या हाताला झाकण न उघडता कळते, त्या हाताला ही विद्या नवी नाही. तिसरी खूण पानाची. भरलेले पान दोन बोटांत धरले असता ताठ राहते; तहानलेले पान मऊ पडते व किंचित वाकते. तिन्ही खुणा एकत्र जुळल्या म्हणजे पाणी द्यावे.

द्यावयाचे तेव्हा मात्र हात आखडू नये. रोज चमचाभर शिंपडण्याने वरची माती ओली व खालची कोरडी राहते आणि मुळ्या वरच घुटमळतात. सर्व माती भिजून तळाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत द्यावे, कुंडी निथळू द्यावी, ताटलीतील पाणी ओतून टाकावे, आणि त्यानंतर पुन्हा तिन्ही खुणा दिसेपर्यंत हात बांधून बसावे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण. काही न करता थांबणे हेही निगेचेच काम आहे, हे पटण्यास वेळ लागतो.

खताची मागणी अल्प आहे. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, नेहमीच्या प्रमाणाच्या निम्मे पातळ करून विद्राव्य खत दिले तरी पुरे. थंडीत, किंवा वेल आजारी असता, खत देऊ नये.

पावसाळ्याची कसोटी

महाराष्ट्रात या वेलीचा खरा शत्रू उन्हाळा नव्हे. वैशाखात ती थोडी सुकते व पुन्हा सावरते. आषाढ-श्रावणात मात्र पडवीबाहेर राहिलेली वेल चार-सहा आठवड्यांत नाहीशी होते. संततधार पावसात माती सुकण्यास अवकाशच मिळत नाही, हवा दमट असल्याने पानांतून पाणी उडून जात नाही, आणि आभाळ भरलेले असल्याने उजेडही अपुरा. यास्तव मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वीच कुंडी वळचणीच्या आत, परंतु उजेडाच्या जागी आणावी. पागोळ्यांचे पाणी कुंडीत पडत नाही ना, हे पाहावे. कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर या दिवसांत दोन-तीन आठवडे पाण्याचा थेंबही लागत नाही, असा काळ येऊ शकतो. अंगणातील सर्व झाडे हिरवीगार होत असता शिंक्यातल्या कुंडीला कोरडे ठेवणे मनाला विचित्र वाटते, पण तेच योग्य होय.

ओल्या मातीतील तहान

निगेतील सर्वांत मोठी फसगत येथे होते. मुळ्या कुजू लागल्या की त्यांना पाणी वर चढविता येत नाही. कुंडीत पाणी आहे, परंतु पानांपर्यंत पोचत नाही. म्हणून पाने मऊ पडतात व वेल कोमेजते. पाहणाऱ्यास ती तहानलेली वाटते आणि तो आणखी पाणी घालतो. जे विष, तेच औषध म्हणून दिले जाते. म्हणून पान मऊ दिसले की प्रथम मातीला बोट लावावे. माती कोरडी असेल तर ती तहान. माती ओली असेल तर ती कूज. कुजीत पाने पिवळट व पारदर्शक होतात आणि बुडाशी देठ काळे व मऊ पडते.

कूज ओळखली तर वेल पुष्कळदा वाचविता येते. कुंडी उपडी करून काळ्या मुळ्या व मऊ पडलेले कंद काढून टाकावेत. वरची निरोगी देठे स्वच्छ धारेच्या कात्रीने कापून घ्यावीत, एक दिवस सावलीत सुकू द्यावीत व कोरड्या, ताज्या मिश्रणात लावावीत. जुनी माती पुन्हा वापरू नये.

किडींपैकी पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके करतो. थोडे असतील तर ओल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावेत. अधिक असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलीलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी नीट मिसळून संध्याकाळी फवारावे. कडक उन्हात हा फवारा पानांना डाग पाडतो.

एका वेलीपासून अनेक

बदामवेलीची रोपे करणे इतके सोपे आहे की दुसरे रोप विकत आणण्याची कोणालाही गरज पडू नये. तीन-चार पेरांची कांडी कापून खालची पाने काढावीत व ती पेरे मिश्रणात पुरावीत. किंवा मणी धरलेली वेल न तोडता तशीच शेजारच्या कुंडीवर आणून मणी अर्धा मातीत बसेल असा ठेवावा. मुळ्या धरल्या की दुवा कापावा. टक्कल पडलेल्या कुंडीत वेलीचीच लोंबती टोके वर घेऊन मातीवर वेटोळी घालावीत. पेरापेराला मुळ्या फुटून कुंडी पुन्हा भरते. थंडी ओसरल्यावर किंवा पावसाळा संपल्यावर हे काम करावे. मुळ्या धरेपर्यंत मिश्रण किंचित दमट असावे, चिंब नसावे.

या सुलभतेमुळे घरगुती रोपवाटिकेस ही वेल सोयीची आहे. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांचा व्यवसाय चांगला रुजला आहे. अन्यत्रही महिला बचत गट रोपे तयार करू लागले आहेत. परंतु अशा गटाने शंभर कुंड्या तयार करून त्यांना भाजीच्या रोपांप्रमाणे रोज झारीने पाणी घातले, तर पावसाळ्याअखेर भांडवल व उमेद दोन्ही जातील. गटाला आधी झारी देऊ नये. आधी बोटाने माती पाहावयास शिकवावे.

सह्याद्रीतील भावंडे

बदामवेल परदेशी असली तरी तिचे सगेसोयरे महाराष्ट्रात आहेत. सेरोपेजिया या कुळीच्या भारतात पन्नासहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. सह्याद्रीत त्यांना खर्चुडी, कंदीलपुष्प अशी नावे आहेत. कासचे पठार, आंबोली, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणी पावसाळ्यात त्यांची कंदिलाच्या आकाराची फुले दिसतात. फुलाच्या नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असतात. बारीक माश्या आत शिरतात आणि केस सुकेपर्यंत अडकून पडतात, व सुटल्यावर पराग दुसऱ्या फुलाकडे नेतात. पावसाळा सरला की बहुतेक जातींचा वरचा भाग वाळून जातो आणि कंद तेवढा जमिनीत उरतो. पुढचे सहा-सात महिने पाण्याचा थेंब न मिळता तो कंद जिवंत राहतो. साठा करणाऱ्या वनस्पतीला कोरडा काळ सोसतो एवढेच नव्हे, तो तिला लागतो, याचा याहून चांगला पुरावा हवा कशाला?

या कंदांना गुराखी व रानात हिंडणारे लोक खाण्यासाठी उकरीत आले आहेत. आता त्यात शोभेसाठी कंद उपटून नेणाऱ्यांची भर पडली आहे. बदामवेल घरी चांगली वाढली म्हणून रानातील खर्चुडीही कुंडीत वाढेल, असा तर्क कोणी करू नये. तिच्या कड्याची माती, उतार, पाऊस आणि माश्या यांसह तिला घरी आणता येत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी यांतील दुर्मिळ जातींची जोपासना केली आहे, पण ते वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचे काम आहे. राखीव वनातून कंद काढणे कायद्यानेही गुन्हा आहे. ज्यास लोंबती वेल हवी, त्याने शेजाऱ्याच्या बदामवेलीचा मणी मागून घ्यावा. गडावरील कंद गडावरच राहू द्यावा.

कुंडीपासून बांधापर्यंत

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. नीरा डाव्या कालव्याखालील बागाईतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच पाण्याच्या अतिरेकाने जमिनी पाणथळ व खारवट झाल्याचा अनुभव आला. पुढे सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनींतही हेच घडले. काळी भारी माती, अपुरा निचरा आणि पाळी आली म्हणून दिलेले पाणी, ही तिन्ही कारणे शिंक्यातील कुंडीत मेलेल्या वेलीचीही कारणे होत. तेथील शेतकरी आळशी नव्हता. रात्री-अपरात्री उठून त्याने पाणी पाजले होते. पाणी हाताशी आहे म्हणून दिले गेले, पिकाने मागितले म्हणून दिले गेले नाही. आज अशा जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करावा लागतो, आणि तो खर्च लहान शेतकऱ्याला सहजी पेलत नाही.

ठिबकचे संच आले, अनुदाने आली, तरीही सवय बदलली नाही तर यंत्र काय करील? ठिबकची तोटी उघडी ठेवून मातीचा चिखल करणारे शेतकरी आहेतच. म्हणून गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्याने पाण्याच्या मात्रेचे तक्ते वाटण्याआधी माती हातात घेण्याची सवय लावावी. ती सवय लावण्यास शाळेच्या व्हरांड्यातील, ग्रामपंचायतीच्या कचेरीतील किंवा शेतकऱ्याच्या पडवीतील एक कुंडी पुरेशी आहे. दोन कुंड्या शेजारी टांगाव्यात. एकीला रोज पाणी घालावे व दुसरीला केवळ खुणा पाहून घालावे. पावसाळ्याच्या अखेरीस दोन्ही कुंड्या सर्वांसमक्ष उपड्या करून मुळ्या दाखवाव्यात. व्याख्यानाने जे पटत नाही ते काळ्या व पांढऱ्या मुळ्या शेजारी पाहून पटते. यास खर्च जवळजवळ नाही, आणि एक वेल गेलीच तर तिच्या मण्यांपासून दुसरी करता येते. जमिनीची गोष्ट तशी नाही.

यासाठी प्रथम कार्यकर्त्याने स्वतःवर बंधन घालून घ्यावे. शेतकऱ्याच्या घरी गेल्यावर कोमेजलेले पान पाहताच पाणी कमी पडते असे बोलून जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी मातीत बोट घालावे, कुंडी उचलून पाहावी, तळाचे भोक तपासावे आणि मगच तोंड उघडावे. त्या घरातील माणसे त्याचे बोलणे कदाचित विसरतील. परंतु त्याने बोट कोठे घातले हे ती पाहतील, आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या सरीत पाणी सोडण्यापूर्वी त्यांतील एखादा खाली वाकून माती चाचपून पाहील.